मामाची फटफटी आणि व्याह्यांची बंडी

बालाघाट,
माघ महिना, सन १९६९

राजमान्य राजश्री घनश्यामभाऊ यांच्या सेवेशी टिकाराम मास्तराचा कृतानेक नमस्कार. (आजवर मी तुम्हाला चिरंजीव लिहून आशीर्वाद देत आलो. जावयाने साळ्याला नमस्कार करायची आपल्यात रीत नाही, पण माणसाने रीतीला फार चिकटून राहू नये.) इकडे सर्व खुशाल. तुमच्या बहिणीचे गुडघे थंडीने धरले आहेत, तरी आवाज पूर्वीसारखाच खणखणीत आहे. नागपूरची हवा मानवते का? उकव्याच्या खाणीतल्या धडधाकट माणसाला ट्रेनिंगच्या नावाखाली सहा महिने बाकावर बसवून ठेवतात म्हणजे कमाल आहे. आमच्या शाळेतली पोरं सहा मिनिटं बसत नाहीत. संत्री उपाशीपोटी खाऊ नका. तुमची फटफटी सुखरूप आहे. तुमची भाची पुष्पलताही सुखरूप आहे.

जाताना फटफटी माझ्या स्वाधीन करून तुम्ही सांगितलं होतं की रोज सकाळी पाच मिनिटं चालू करत जा, नाहीतर इंजिन धरेल. बावीस दिवस मी हे इमानाने केलं. ती जागच्या जागी चालू करायची की कसं, एवढंच तुम्ही सांगितलं नव्हतं. (त्यात तुमचा दोष नाही, तुम्ही गाडी गाठायच्या घाईत होता.) तेविसाव्या दिवशी मला रामपायलीला मुलाचं घर पाहायला जायचं होतं. तिथल्या तेजराम पटेलांचा प्रेमलाल पुष्पाला पाहून गेला, हे तुम्हाला कळवलंच होतं. आधीची दोन स्थळं मोडल्यावर पोरीने पाहुण्यांसमोर यायचंच सोडलं होतं. हा मुलगा येऊन गेल्यावर मात्र तांदूळ निवडताना ती गुणगुणत होती, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. तेव्हाच ठरवलं की काही झालं तरी हे स्थळ मोडू द्यायचं नाही. आता प्रवासी मोटारीतून पिशवी सांभाळत उतरणारा माणूस लांबूनच मुलीचा बाप दिसतो. मला एक दिवस तसं दिसायचं नव्हतं, म्हणून तुमची फटफटी काढली.

वारासिवनीपर्यंत प्रवास उत्तम झाला. एक सायकलवाला पुढे निघून गेला, पण तो तरुण होता. रामपायलीच्या फाट्यावर वळलो तर रस्त्यात आडवी बंडी, बैल जुंपलेली. पाहुणे दहाच्या मोटारीने उतरणार म्हणून तेजराम पटेल स्वतः मला घ्यायला ती घेऊन उभे होते. आत भाताचं तणस पसरलेलं, त्यावर गादी, गादीवर नवी सतरंजी. ब्रेक कोणत्या पायाला आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या घटकेला तो पाय कोणता, ते आठवेना. फटफटी चाकात शिरली आणि मी वरून गादीवर जाऊन पडलो. म्हणजे जिथे बसायचं होतं तिथेच पोचलो, फक्त चढायची बाजू चुकली.

पटेल धावत आले. माझी टोपी झटकून माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, लागलं तं नाही ना? चूक माहीच. बंडी आडवी लावाले नोती पायजे." एवढंच बोलले. फटफटीचा पुढचा मडगार्ड वाकला होता, दिव्याची काच गेली होती आणि हँडल एकीकडे तर चाक दुसरीकडे पाहत होतं. डाव्या बाजूचा बैल पाय उचलून उभा होता. तो शंकरपटाच्या शर्यतीत पळणारा बैल आहे. यंदाच्या पटासाठी दिवाळीपासून त्याला खुराक चालू होता, आणि पाहुण्याच्या मानासाठी म्हणून त्या दिवशी तो बंडीला जुंपला होता. हे मला त्यांच्या गड्याने नंतर सांगितलं. पटेलांनी सांगितलं नाही.

घरी पाय धुवायला ऊन पाणी, हळद घातलेलं दूध, जेवायला पुरण. मी पानावर बसलो तेवढ्यात त्यांनी लोहाराला बोलावून हँडल सरळ करून, मडगार्ड ठोकून घेतला आणि दरवाजांचा उरलेला निळा रंग त्यावर मारला. (तुमची गाडी काळी होती हे मी तोंडात घास असल्यामुळे सांगू शकलो नाही.) गाडी कोणाची, असं विचारल्यावर मुलीच्या मामाची, असं मी अभिमानाने सांगितलं. मग घरच्या बायांनी फटफटीला हळदकुंकू लावून ओवाळलं. प्रेमलाल हौसेने पुसत होता. मुलगा चांगला आहे, घनश्यामभाऊ. बोलतो कमी.

आता मुद्द्याची गोष्ट. तुमची गाडी विम्याची आहे हे आठवून मी परत आल्यावर एजंट दुलीचंदकडे गेलो. त्याने चार पानी फॉर्म पुढे केला. कंपनीला मोडलेली गाडी मोडलेल्या स्थितीत पाहायची असते म्हणे. मी म्हटलं, दुरुस्त झाली. त्यावर तो हळू आवाजात म्हणाला की मडगार्ड पुन्हा वाकवायला कितीसा वेळ लागतो, गाडी घेऊन या. (इमानदार माणूस आहे, म्हणूनच हळू बोलला.) मी म्हटलं, पाहू. पुढचा रकाना, चूक कोणाची. माझी म्हटली तर परवाना दाखवायचा, आणि माझ्याजवळ नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला तेवढा आहे. बंडीवाल्याची म्हटली तर त्याचं नाव-गाव लिहायचं, मग कंपनी त्याला पत्र पाठवणार. पटेल तर सही करायलाही तयार होतील. म्हणजे साखरपुड्याचा नारळ जायच्या आधी व्याह्यांच्या घरी नोटीस जाणार, तीही मी लिहून दिलेली.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. तुमची बहीण म्हणाली, माझ्या भावाची गाडी आहे, फॉर्म भरलाच पाहिजे. मी म्हटलं, मग पोरगी घरी ठेव. हा वाद सर्व आळीने ऐकला. शेवटी पुष्पाच बाहेर आली. म्हणाली, "बाबा, त्याइनं बैलाचं नाव काढलं का? मंग आपण गाडीचं काहून काढाचं?" एवढं बोलून आत गेली. मला फार लाज वाटली, आणि पोरीचा फार अभिमानही वाटला. चाळीस पोरांना मी वीस वर्षं नीती शिकवतो, ती माझ्या घरात अशी शेजारच्या खोलीतून आली. फॉर्म मी कोरा ठेवला आहे. तरी गाडी तुमची, विमा तुमचा, तेव्हा शेवटचा शब्द तुमचाच. सवडीने विचार करून कळवा. प्रकृतीला जपा आणि मेसमधलं वरण पातळ असलं तरी टाकू नका.

तुमचा,
टिकाराम

ता. क. फटफटी सुखरूप आहे हे वर लिहिलं ते अक्षरशः खरं आहे. कुठे आहे तेवढं राहिलं. ती रामपायलीला आहे. मामाची गाडी म्हटल्यावर आणि ओवाळणी झाल्यावर मामाने भाचीचा आहेर आगाऊच पाठवला, असा तिथे सर्वांचा समज झाला. मी निघालो तेव्हा प्रेमलाल ती घेऊन राममंदिराकडे गेला होता आणि माझ्यासाठी दुसरी बैलजोडी जुंपून बंडी तयार होती. पटेल म्हणाले, "आमी काही मांगतलं नोतं, मास्तर. पन मामाचं मन मोठं आहे." मी 'हौ' म्हटलं. त्या दारात दुसरं काय म्हणणार होतो?

ता. क. दुसरा. लग्नात मामा काय देणार, हे मी तुम्हाला कधी विचारलं नव्हतं आणि आता विचारायची गरज नाही. गाडी नावावर करून द्यायचा कागद सोबत आहे. जिथे पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे सही करा. पुष्पाला यातलं काही माहीत नाही; गाडी दुरुस्तीला आहे असं ती समजते.

ता. क. तिसरा. जावयाने नेलेल्या गाडीची भरपाई मिळते का, हे दुलीचंदला विचारलं. चोरी, आग आणि पूर यांत जावई बसत नाही. पण पॉलिसीची मुदत याच महिन्यात संपते, ती तेवढी तुमच्या हाताने वाढवून पाठवा. आपल्या पोरीचं कुंकू आता त्या गाडीवर बसून हिंडणार आहे.