गोलरक्षक किती पळतो

प्रिय दादा,

तुझा फोन हल्ली पक्षाचा कुणीतरी माणूस उचलतो आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणतो. तू साहेब कधी झालास ते मला कळलं नाही. म्हणून हा कागद. आईच्या हाती देते आहे, तिला तरी तो अडवणार नाही.

आई बरी आहे. परवा भाजीवाल्यानं तिला विचारलं, "काय हो, तुमचा मुलगा पळतच नाही म्हणे?" ती म्हणाली, "तुम्ही भाजी तोला." घरी येऊन मात्र बराच वेळ भांडी आपटत होती.

त्या आकड्याबद्दल तू मला विचारलं नाहीस, तरी सांगते. तो माझ्याच कामातला आहे. सरावाला मी तुम्हाला जी जाकिटं चढवते, त्यांतला सेन्सर कोण किती पळालं ते नोंदवतो, आणि त्याचा अहवाल नेहमीप्रमाणे क्लबच्या अध्यक्षांकडे जातो. अध्यक्ष क्रीडामंत्रीही आहेत. निवडणुकीच्या तोंडावर संप त्यांना नको होता, म्हणून त्यांनी टीव्हीवर वाचून दाखवलं, की संघात सगळ्यांत कमी पळणारा माणूसच संपाचा पुढारी आहे. समोरच्या एकाही पत्रकाराला सुचलं नाही, की अहो, तो गोलरक्षक आहे, तो पळणार कुठे? मी काहीही फोडलेलं नाही. हे एकदाच लिहिते.

वैताग याचा येतो, की तूही ते म्हणाला नाहीस. एका वाक्यात त्यांचं हसं झालं असतं. त्याऐवजी तू चिडून विरोधी पक्षाच्या स्टेजवर चढलास आणि त्यांचा मफलर गळ्यात घालून घेतलास. आता तुला तिकीट मिळणार असं ऐकते.

संप कशासाठी होता, आठवतं? आपल्या संघातल्या डावखुऱ्याचा गुडघा सुजलेला असताना त्याला इंजेक्शन देऊन खेळवलं. आता तो कठड्याला धरून जिना चढतो. जखमी खेळाडूनं खेळायचं की नाही, हे क्लबच्या नव्हे, बाहेरच्या डॉक्टरनं ठरवावं, एवढीच मागणी होती. तुझ्या भाषणात रस्ते होते, वीज होती, परिवर्तन तर उठताबसता होतं. गुडघा नव्हता. डावखुरा आपल्याच घरी टीव्हीसमोर बसला होता. "कॅप्टन छान बोलतो," म्हणाला. मग आईला म्हणाला, "काकू, निघतो." खुर्चीतून उठायलाच त्याला किती वेळ लागला.

निम्मे खेळाडू आता म्हणतात, की भांडण आमचं होतं, ते पक्षाचं झालं, मग आम्ही घरी का बसायचं? तुमच्या संघटनेच्या उद्याच्या सभेत ते संप मोडतील.

लहानपणी आपण गल्लीत चपला ठेवून गोल करायचो. तू गोलात उभा राहून हळूच पायानं चप्पल आत सरकवायचास, आणि मी पावलं टाकून अंतर मोजायचे. तेव्हापासून तू मला चिडवायला लागलास. चिडवायचास, पण चप्पल परत जागेवर ठेवायचास.

आता खरं काम. संपातल्या खेळाडूंच्या जागी क्लबनं दुसरा संघ आणला आहे. त्यांना जाकिटं चढवायला मला सांगितलं. मी ती चार्जरवरून काढलीच नाहीत. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, भावापायी नोकरी घालवताय." मी म्हटलं, भावापायी नाही. माझं ओळखपत्र त्यांनी तिथेच काढून घेतलं. आईला अजून माहीत नाही, मी रोज वेळेवर घराबाहेर पडते. तुमची संघटना फक्त खेळाडूंची आहे, तिच्यात मला जागा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी उद्या मी सभेला येणार आणि डावखुऱ्याशेजारी बसणार. तिकिटाचं तू तुझं ठरव. पण सभेला मफलर काढून ये आणि फक्त त्या गुडघ्याबद्दल बोल. सरकवलेली चप्पल मला मागच्या रांगेतूनही दिसते.

तुझीच,
मोजपट्टी