सरांचा वर्ग बंद पडू नये म्हणून

मी, सौ. झुंबरबाई केरू गायधनी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार गंगापूर रोड, नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दोघांच्या संसारात एकाची तरी स्मरणशक्ती शाबूत असावी लागते. आमच्याकडे ती माझी आहे, आणि तसे डॉक्टरांनी तपासून लिहूनही दिले आहे.

१. माझे यजमान प्रा. केरू कोंडाजी गायधनी यांनी नाशिकच्या एका महाविद्यालयात निवृत्तीपर्यंत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला अमेरिकेचा इतिहास शिकवला. कायद्याच्या कागदात नवऱ्याचे नाव घ्यावे लागते म्हणून घेतले. यापुढे मी त्यांना सर म्हणेन. आमचे लग्न झाले त्या वर्षी या विषयाला मुले कमी पडली. प्राचार्य म्हणाले, एक विद्यार्थी तरी आणा, नाहीतर पेपर बंद. माझे शिक्षण लग्नामुळे दुसऱ्या वर्षावरच अडले होते. सरांनी माझा फॉर्म भरून टाकला. मला विचारले नाही. पानात भाजी वाढावी तसा अमेरिकेचा इतिहास माझ्या वाट्याला आला.

२. घरी सर मला "अगं" म्हणत. अगं पाणी, अगं टॉवेल, अगं कुठे आहेस. माझे मत त्यांनी पडद्याच्या रंगाबद्दलसुद्धा कधी विचारले नाही. वर्गात मात्र हजेरी घेताना "गायधनीबाई" म्हणत. बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या पेट्या पाण्यात फेकल्या, तो धडा चालू असताना त्यांनी विचारले, "गायधनीबाई, हे योग्य झालं का? तुमचं मत सांगा." मी म्हणाले, "सर, फेकणं सोपं असतं. पेट्या भरणारे दुसरेच कोणी असतात." पोरे हसली. सर हसले नाहीत. "मुद्दा लिहून घ्या," म्हणाले. त्या संध्याकाळी चहा टाकताना मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले. मी दुसऱ्या वर्गात पास झाले आणि ते सगळे संपले. पुढच्या वर्षी दुसरी मुले मिळाली, मला घरात "अगं" उरले. त्या वर्गाची ओढ मात्र जन्मभर राहिली, आणि ती मी कोणाला सांगितली नाही, कारण नवऱ्याच्याच घरात राहून नवऱ्याची आठवण येते म्हटले तर लोक वेड्यात काढतील.

३. माझ्या नणंद सुलाबाई यांनी त्या काळात सगळ्या भावकीत सांगितले होते की, "नवऱ्याच्या वर्गात बसायला हिला लाज कशी वाटत नाही." त्यांना मी माझा पदवीदानाचा फ्रेम केलेला फोटो देत आहे. तो त्यांनी पलंगासमोरच्या भिंतीवर लावावा. पाटल्या मागू नयेत.

४. चार वर्षांपासून सरांना विस्मरणाचा आजार आहे. आधी गॅस बंद करायचे विसरले, मग घराचा रस्ता, मग आमचा मुलगा अमोल, आणि गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून मी. पण सकाळी अकरा वाजले की शर्ट खोचून गॅलरीत अमेरिकेच्या नकाशासमोर उभे राहतात आणि हजेरी घेतात. मी खुर्चीत बसून "हजर" म्हणते. तास चांगला होतो. मला पुन्हा "तुम्ही" म्हणतात, मत विचारतात, ऐकून घेतात. जन्मभर हेच मागत होते मी. आता मिळाले, तर जीव "अगं"साठी तुटतो. कोणीतरी एकदा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन "अगं, कुठे आहेस?" म्हणावे, एवढेच वाटते.

५. अमोल पुण्याला नोकरीत आहे. पोरगा वाईट नाही, धीर नाही त्याला. आला की म्हणतो, "बाबा, ही आई आहे. विद्यार्थिनी नाही. कॉलेज संपलं." मग सर दिवसभर शरमून भिंतीकडे तोंड करून बसतात. माझ्यानंतर त्यांना पुण्याच्या एका संस्थेत ठेवायचे त्याने मनात धरले आहे. तिथे काळजी घेतील, पण वर्ग कोण भरवणार?

६. म्हणून, माहेरच्या जमिनीच्या माझ्या हिश्श्यातून घेतलेला व माझ्या नावावर असलेला राहता फ्लॅट सर हयात असेपर्यंत माझी दिंडोरीची भाची निकिता हिच्या ताब्यात राहील. तिने इथे राहून सरांना सांभाळावे. सरांच्या पश्चात फ्लॅट अमोल व निकिता यांचा निम्मा निम्मा. अमोलला राग येईल. त्याने तो माझ्यावर काढावा, निकितावर नको. ती सुटीला आली की आपणहून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसते. परवा म्हणाली, "आत्या, सर लय भारी शिकवता. आमच्या कॉलेजात असं कोणीच नाय."

७. निकितासाठी सूचना. सरांची चूक दुरुस्त करू नये. दोन युद्धे एकमेकांत मिसळली तरी अमेरिकेचे काही बिघडत नाही. दमले की एखादा प्रश्न विचारावा, म्हणजे बसून उत्तर देतात. नकाशाला पाणी लावू नये. मी गेल्याचे त्यांना सांगू नये. गायधनीबाई गैरहजर का, असे विचारतील. तेव्हा माहेरी गेल्यात, म्हणावे. माझ्या दहाव्यालाही तास व्हावा.

८. बँकेतील ठेव सरांच्या औषधपाण्यासाठी. पाटल्या निकिताला. शिलाई मशीन शेजारच्या मोहिनीला, तिचा डोळा त्यावर आहेच.

९. साक्षीदार आले आहेत. सह्यांसाठी मी टेबल गॅलरीत घेतले. एवढी माणसे पाहून सर उठून उभे राहिले, सगळ्यांना बसा म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच विचारले, "बाई, तुमचे यजमान नाही आले बरोबर?"

मी म्हटले, "यायचे आहेत, सर. वाट बघतेय."

वरील सर्व मजकूर माझा आहे व मला मान्य आहे.

सौ. झुंबरबाई केरू गायधनी
(सही)

आमच्यासमोर सही केली:
१. मोहिनी शिरसाठ, शेजारी. वाटा घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून शिलाई मशीन सोडले.
२. डॉ. अश्विन बोरस्ते

नाशिक, दि. ९ नोव्हेंबर २०२५