मागच्या खोलीतली ओल

१४ जुलै, रविवार

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत, एवढं लिहून मोकळं व्हायची मला सवय आहे. ही बरी आहे, लेकीची परीक्षा संपली, दुकानात फरश्यांचा नवा माल आलाय आणि मी दिवसभर गिऱ्हाइकांना एकाच पांढऱ्या रंगाच्या नाना छटा समजावतोय. तुझं पोट कसं आहे? खड्यांचं ऑपरेशन तू पुन्हा पुढे ढकललंस, असं भाओजींनी कळवलं. का ढकललंस ते मात्र त्यांनी लिहिलं नाही. सज्जन माणूस!

आईने सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे राहायचं, हे आपलं ठरलेलं. मार्चमध्ये ती माझ्याकडे यायची होती. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आलीय, तिचे सांधे धरतील, असं मी तुला सांगितलं. तू लगेच विश्वास ठेवलास. वर "घाई करू नकोस, नीट वाळू दे" म्हणालीस.

ताई, त्या खोलीत कुत्रा राहतो.

साधासुधा नाही, पॉइंटर. शिकारीच्या जातीचा, माझ्या मांडीच्या वर लागतो. आमच्या शेठच्या बंगल्यावर तसाच एक पाहिला आणि माझ्या डोक्यात खूळ शिरलं. नाव ठेवलं वजीर. रानात दिवसभर धावून पक्षी हुडकायला जन्मलेला जीव तो. आमच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीतल्या कबुतराकडे तोंड करून, पुढचा एक पाय उचलून, शिकाऱ्याला पक्षी दाखवावा तसा, तासन्‌तास उभा राहतो. आता मी बंदूक कुठून आणू?

पहाटे मी त्याला पळवतो, म्हणजे तो मला पळवतो. एखादा दिवस चुकला की सोफ्याचं पोट फाडलंच म्हणून समज. त्याचं खाणं, औषधं, त्याला शिकवणारा मास्तर, यात पगार कुठे जातो ते कळत नाही. हिने कुठे बाहेरगावी जायचं नाव काढणंच सोडलंय. आणि मी हे सगळं हौसेचं मोल म्हणून चारचौघांत मिरवत होतो. खरं मोल तू भरत होतीस, पोट दाबून.

"त्याला हॉलमध्ये आणू, आईंना बोलावू," असं ही किती वेळा म्हणाली. मी म्हणायचो, त्याला मोकळी जागा लागते, डॉक्टरांनी सांगितलंय. आईला काय लागतं, ते मी कुणालाच विचारलं नाही. लिहितानासुद्धा लाज वाटते.

मंगळवारी आईचा फोन आला. तुला बहुतेक ठाऊक नसेल.

"ओल वाळली का रे?"

"थोडी आहे अजून."

तेवढ्यात हा दारावर पंजे मारत भुंकायला लागला.

"कुणाचं रे कुत्रं?"

"शेजाऱ्यांचं."

ती म्हणाली, "कोंडून घालतात वाटतं बिचाऱ्याला. त्यांना म्हणावं, जवळ घेऊन बसायला वेळ नाही, तर घरात आणलं कशाला?"

ती कुत्र्याबद्दलच बोलत होती गं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन ठेवल्यावर हिच्याकडे बघायचीही सोय उरली नाही.

काल खोली रिकामी केली. फरशी घासली, खाट लावली, दाराचे ओरखडे तसेच ठेवले. वजीर आता हॉलमध्ये माझ्या गादीशेजारी झोपतो. त्याचं पुढे काय करायचं ते मी बघेन. त्याचा यात काही दोष नाही.

तू ऑपरेशनची तारीख घे. पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन आईला न्यायला येतो. तिला खरं काय ते मीच सांगेन, तू काही बोलू नकोस. रागावली, चार शब्द सुनावले, तर मी ऐकून घेईन. भीती दुसरीच आहे. ती "असू दे रे" म्हणेल, घरी येऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवेल, आणि त्याला खोलीतच राहू दे म्हणेल. तेव्हा मी तोंड कुठे लपवू, एवढं सांग.

तुझा, अजून म्हणवून घेशील तर,
धाकटा