साडेचार टक्के ऑक्सिजनचा खुलासा

प्रति,
मा. खरेदी व भांडार अधिकारी,
जलाशय देखभाल विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : गॅस भरणी कर्मचारी, पाणबुडे पथक, जलाशयाकाठची शेड.

विषय : सिलिंडरमधील ऑक्सिजन तपासण्याच्या मीटरची निवड, त्याच्या बटणावरील लाख, आणि हवेतून कमी झालेल्या साडेचार टक्के ऑक्सिजनचा खुलासा.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज.
२) आपले ज्ञापन क्र. ४१, ज्यात खुलासा तीन दिवसांत मागवला आहे.
३) आपला आदेश क्र. ४४, सिलिंडर भरण्याबाबत.

महोदय,

वरील विषयाबाबत अर्जदार अत्यंत आदराने पुढील हकीकत सादर करतो. ती थोडी लांबली आहे. सहा लहान अर्जांनी काम झाले नाही म्हणून हा मोठा केला आहे.

१. अर्जदार बारा वर्षे पाणबुड्यांचे सिलिंडर भरतो. जलाशयाच्या तळाशी, तीस मीटर खोलीवर, शहराला पाणी नेणाऱ्या नळाच्या तोंडावर एक जाळी आहे. तिच्यात फांद्या, गाळ, प्लॅस्टिक अडकते, आणि कोणीतरी खाली जाऊन ते हाताने काढावे लागते. साध्या हवेवर तेवढ्या खोलीवर फार वेळ थांबता येत नाही. म्हणून विभागाच्याच नियमाप्रमाणे सिलिंडरमधला ऑक्सिजन वाढवून बत्तीस टक्के करतात. बत्तीस म्हणजे बत्तीसच. तो चाळीसच्या पुढे गेला तर तीस मीटरवर माणसाला झटके येऊ शकतात, तोंडातली नळी सुटते, आणि पुढचे लिहायला अर्जदाराचा हात धजत नाही. ऑक्सिजनला रंग नाही, वास नाही. सिलिंडर उचलून, वाजवून किंवा त्याच्याकडे बारा वर्षे टक लावून पाहूनही टक्के कळत नाहीत. मीटरवरच कळतात.

२. भरलेल्या प्रत्येक सिलिंडरच्या मानेला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची पद्धत आहे. तिच्यावर वर टक्के, मग भरणाऱ्याची सही, आणि सर्वांत खाली पाण्यात उतरणाऱ्याची सही. उतरणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी मीटर पाहून मगच सही करायची, असा दंडक आहे. पथकात हा दंडक कोणी कधी मोडला नव्हता. 'नव्हता' असे का लिहिले ते शेवटी येईल.

३. जुन्या मीटरचा सेन्सर संपल्यावर अर्जदाराने नव्या मीटरची मागणी केली. मागणीसोबत साध्या भाषेत माहितीही जोडली होती, की सेन्सर हा बॅटरीसारखा असतो, तो कारखान्यातून निघाल्या दिवसापासून झिजतो, वापरा की न वापरा, आणि दोन-तीन वर्षांत त्याचे आयुष्य आटोपते. तेव्हा मीटर असा निवडावा की ज्याचा सेन्सर ताजा असेल व बदलता येईल. निवडीसाठी आपण त्रिसदस्यीय समिती नेमली. अध्यक्ष पथदिवे शाखेचे होते, दुसरे सदस्य लेखा शाखेचे होते, आणि ज्या आरोग्य शाखेच्या बाईंना या विषयातले काही कळत होते त्या बैठकीच्या दिवशी रजेवर होत्या. समितीने उपकरणाच्या नावात 'ऑक्सिजन' हा शब्द असणे ही मुख्य अट ठरवली आणि एकमताने बोटाला लावायचा चिमटा निवडला. दवाखान्यात रुग्णाच्या बोटाला लावतात, तोच.

४. सिलिंडरला बोट नसते, हे अर्जदाराने लेखी कळवले. त्यावर "कर्मचाऱ्याने स्वतःचे बोट लावून वाचन घ्यावे व अहवाल पाठवावा" असे उत्तर आले. आज्ञा शिरसावंद्य मानून अर्जदाराने एका हाताने सिलिंडर धरला, दुसऱ्या हाताच्या बोटाला चिमटा लावला, आणि ९८ टक्के असा अहवाल पाठवला. आठ दिवसांनी अभिनंदनाचे पत्र आले. गॅसची शुद्धता समाधानकारक असून सिलिंडर तात्काळ वापरात घ्यावा, असे त्यात होते. ९८ टक्क्यांचा सिलिंडर घेऊन तीस मीटरवर गेलेला माणूस परत येत नाही. सुदैवाने ते फक्त अर्जदाराचे बोट होते. तो चिमटा सध्या शेडमध्ये कागद धरून ठेवायला उपयोगी पडतो, याची नोंद व्हावी.

५. चौथ्या अर्जानंतर मात्र योग्य मीटर आला, याबद्दल अर्जदार आपला मनापासून ऋणी आहे. तळहातावर मावणारा, एक नळी, एक पडदा, एक फिरवायचे बटण. पण तो अर्जदारापर्यंत यायला वीस महिने लागले; तोवर जाळीचे काम साध्या हवेवर, जादा फेऱ्या मारून चालले. आपले भांडारपाल, ज्यांना सगळे कार्यालय प्रेमाने कुलूपकाका म्हणते, हे अत्यंत सचोटीचे गृहस्थ आहेत. नोंद क्रमांक पडेपर्यंत त्यांनी मीटर लोखंडी कपाटात कापडात गुंडाळून ठेवला व किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली. अर्जदार दर पंधरवड्याला जाऊन "काका, तो आतल्या आत संपतोय" असे विनवत असे. त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर, "अरे, कपाटातून आजवर टाचणी गेली नाही, ऑक्सिजन कुठे जातोय?" त्यांच्या हेतूबद्दल अर्जदाराला तिळमात्र शंका नाही. सेन्सर मात्र कपाटातच म्हातारा झाला. जादा सेन्सरही त्याच कपाटात होता, त्यामुळे तोही त्याच्याबरोबर म्हातारा झाला.

६. तरीही अर्जदाराने निभावून नेले. त्याची रीत अशी. प्रत्येक तपासणीआधी मीटर उघड्या हवेत धरायचा. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, सगळीकडे, आपल्या दालनातसुद्धा. पडद्यावर तेवढा आकडा येईपर्यंत बटण फिरवायचे आणि मग सिलिंडर तपासायचा. जगात जिथे जिथे हे काम चालते तिथे असेच करतात. दुर्दैवाने अर्जदार हे करत असतानाच तपासणी पथक शेडमध्ये शिरले. पथकप्रमुखांनी विचारले, "हे तुम्ही काय फिरवताय?" अर्जदाराने सरळपणे सांगितले, "साहेब, आकडा बरोबर करतोय." झाले. "कर्मचारी यंत्रावरील आकडे स्वतःच्या हाताने ठरवतो" असा शेरा पडला आणि त्याच दिवशी बटणावर लाख ओतून कार्यालयाचा शिक्का मारण्यात आला.

६अ. शिक्का सुबक उमटला आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

७. आता संदर्भ क्र. २ च्या खुलाशाविषयी. बटण जाम झाल्यावर सदर मीटर उघड्या हवेत १६.४ दाखवू लागला. आपल्या ज्ञापनात विचारणा आहे की, हवेत मंजूर ऑक्सिजन २०.९ टक्के असताना शेडमध्ये तो १६.४ आढळतो, तर उरलेला साडेचार टक्के कोठे गेला व त्यास कोण जबाबदार आहे. अर्जदार प्रतिज्ञापूर्वक नमूद करतो की त्याने तो घेतलेला नाही. शेडची झडती कधीही घ्यावी, घराचीही घ्यावी. अर्जदार तोच मीटर घेऊन आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसला असता तेथेही १६.४ आढळला. त्या दिवशी लेखा शाखेत कोणाचा तरी वाढदिवस होता आणि केकवरची मेणबत्ती झकास जळत होती. हवेत खरोखर १६.४ असता तर ती विझली असती आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना धाप लागली असती. तेव्हा ऑक्सिजन जागच्या जागी आहे, फक्त मीटरला तो दिसत नाही. अर्जदारास केकचा तुकडा मिळाला होता, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

८. यापुढचा परिच्छेद महोदयांनी कृपया स्वतः वाचावा, टिपणीवर सोडू नये. मीटर कमी दाखवतो याचा अर्थ असा की त्याच्यावर ३२ दिसेपर्यंत ऑक्सिजन भरला तर आत प्रत्यक्षात जवळजवळ ४१ होतो. शाळेतले त्रैराशिक आहे, लेखा शाखेकडून पडताळून घ्यावे. म्हणून अर्जदार मीटरवर २५ दिसताच भरणे थांबवी, म्हणजे आत ३२ होई, आणि चिठ्ठीवर ३२ लिही. असे त्याने तीन आठवडे जीव मुठीत धरून केले. मग कोणीतरी चिठ्ठी आणि मीटर ताडून पाहिले आणि "चिठ्ठीवर खोटा आकडा" या मथळ्याखाली आदेश क्र. ४४ निघाला, तो असा : "मीटरवर ३२ दिसेपर्यंत ऑक्सिजन भरावा. मापनात कर्मचाऱ्याने स्वतःची बुद्धी वापरू नये. मंजूर गॅसऐवजी साधी हवा भरल्यास कारवाई होईल." आता त्रैराशिकही चालेनासे झाले आहे. आज सकाळी मीटर उघड्या हवेत १५.१ दाखवत होता, दुपारी १४.८, आणि मरायला टेकलेला सेन्सर कमी टक्क्यांत एक बोलतो, जास्त टक्क्यांत दुसरेच. सिलिंडरमध्ये नेमके किती आहे हे आज अर्जदारास ठाऊक नाही. बारा वर्षांत हे वाक्य त्याने प्रथमच लिहिले आहे.

९. गुरुवारी जाळी साफ करायची आहे, कारण शहरात पाण्याचा दाब कमी झाला आहे आणि वरून फोन येत आहेत. पथकात सध्या तीस मीटरवर जाण्याचा परवाना असलेली एकच व्यक्ती कामावर आहे. ती अर्जदाराची सख्खी धाकटी बहीण आहे. ही बाब अर्जदाराने पूर्वीच्या सहा अर्जांत लिहिली नाही. कोणीही उतरले तरी गॅस तितकाच बरोबर हवा, नात्याचा आधार कशाला घ्यायचा, असे त्याला वाटत होते. आता वाटत नाही. तिला पोहायला अर्जदारानेच शिकवले, कमरेला दोर बांधून, दोराचे टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळून. ती खाली असते तेव्हा आई जेवायला बसत नाही आणि अर्जदार शेडमध्ये घड्याळाकडे पाहत नाही, कारण पाहिले की काटा हलत नाही. तिने मागच्या आठवड्यात विचारले, "दादा, हा सोळा का दाखवतोय रे?" अर्जदाराने "सर्दी झालीय त्याला" असे सांगितले. ती हसली. अर्जदाराला भीती वाटते. हा शब्द कार्यालयीन भाषेत कसा लिहितात हे माहीत नसल्याने तसाच लिहिला आहे.

१०. तरी महोदयांस विनंती की, बुधवार संध्याकाळपूर्वी ताजा सेन्सर मागवावा, तो कपाटात न ठेवता थेट शेडवर पाठवावा, आणि बटणावरील लाख काढण्याची लेखी परवानगी द्यावी. लाख काढायला अर्धा मिनिट लागतो, अर्जदाराकडे चाकू आहे. ते होईपर्यंत साधी हवा भरू द्यावी. काम चार फेऱ्यांत होईल, पण होईल.

११. यांपैकी काहीच नियमात बसत नसेल, तर अर्जदाराची एवढीच प्रार्थना आहे की गुरुवारच्या सिलिंडरची चिठ्ठी आपण भरावी. सोबत जोडली आहे. टक्क्यांच्या जागी आपणास योग्य वाटेल तो आकडा घालावा आणि भरणाऱ्याच्या जागी आपली सही करावी. अर्जदार ती करणार नाही, यासाठी होईल ती कारवाई त्याला मान्य आहे. ही कोरी चिठ्ठी काल शेडमधल्या टेबलावर पडली होती. बहीण घाईत होती, मीटर न पाहताच तिने पेन उचलले. अर्जदार म्हणाला, "अगं, आधी बघ तरी." ती म्हणाली, "तू बघणार आहेस ना? मग झालं." साहेब, माझ्यावर कोणी एवढा भरवसा ठेवू नये असे मला आयुष्यात पहिल्यांदा वाटले.

उत्तराची वाट शेडमध्येच पाहत आहे.

आपल्या शिक्क्याला अजून हात न लावलेला,
आपला नम्र,
(सही)
गॅस भरणी कर्मचारी
सोमवार, दुपारी चार वाजता

सोबत :
१) सहा अर्जांच्या पोचपावत्या.
२) बोटाच्या वाचनाबद्दलचे अभिनंदनपत्र, मूळ प्रत.
३) त्रैराशिक, एका पानावर, सोप्या अक्षरात.
४) सिलिंडरची चिठ्ठी, दोऱ्यासह, एक. टक्के कोरे आहेत. मधली सही आपली. खालची सही झालेली आहे.