वहिनींना कुणी विचारलंच नाही

शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. ४ जून २०२५

ती. रंभावहिनींना,
वैजयंतीचा सा. न. वि. वि.

फोन लावला की आपण दोघीही रडतो आणि बोलायचं राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले. पाकिटावर तुमच्या नावामागे सवयीने ‘सौ.’ लिहून गेले. मग ते पाकीट फाडलं आणि दुसरं घेतलं.

दादाचा तेरावा आटोपून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी कामावर गेले. आयसीयूत त्याच्या बेडवर आता बार्शीचे एक आजोबा आहेत. मला त्या बाजूला जाववत नाही. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांना अवयव द्याल का, असं विचारायचं हे माझं काम. दादा त्यावरून किती चिडवायचा! मी केमला आले की अंगणातूनच ओरडायचा, वैजू आली, किडन्या सांभाळा रे.

तुम्ही वेळेवर जेवता ना? अंकिताला कुर्डुवाडीच्या कॉलेजात घालायचं त्याच्या मनात होतं. प्रवेशाचं मी बघते.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
तुमची,
वैजयंती


केम
दि. १२ जून २०२५

ती. आत्यास,
सा. न. आई सांगते तसंच्या तसं लिहिते आहे. एकही शब्द बदलायचा नाही असा दम दिलाय. — अंकिता

वन्सं, पत्र पोचलं. पोरीसाठी जेवावं लागतंच की. अंकी कॉलेजला जायला तयार हाय.

एक इचारायचं हाय, रागावू नका. गेल्या साली तुमी हितल्या शाळंत अवयवदानाचं सांगून गेला. त्या दिशी घरी आल्यावर ह्ये मला म्हणले होते, माझं काय बी झालं तर समदं देऊन टाक, मागं ठिवू नको. मी तवा त्यांच्यावर लई वराडले, असलं अभद्र बोलू नका म्हणून.

मोटारसायकलवरनं पडून डोक्याला मार लागला, तुमच्याच दवाखान्यात आणलं, आणि डॉक्टरांनी मेंदू गेला म्हणून सांगितलं. तवापासनं मी वाट बघत होते, आता वन्सं येतील आन् इचारतील. तुमी आला, पाठीवरनं हात फिरवला, चहा दिला आन् उठून गेला. मला वाटलं, तुमचं रोजचं काम हाय, कायतरी बघूनच गप बसल्या आसतील. हितं भावकीत म्हणत्यात, तंबाखूनं आतलं समदं जळालं आसंल, म्हणून कुणी मागितलं न्हाय. तेवढं खरं सांगा. त्यांचं कुणाच्या कामाला येण्याजोगं कायच न्हवतं का?

माया आसू द्या.
रंभा


सोलापूर
दि. २० जून २०२५

ती. वहिनींना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. उत्तर लिहायचं धाडस होत नव्हतं.

वहिनी, दादाचं यकृत चांगलं होतं. दोन्ही किडन्या चांगल्या होत्या, डोळेही. भावकीला माझं नाव घेऊन सांगा.

चूक माझी आहे. डॉक्टर मृत्यू सांगतात, घरच्यांना तो पचायला थोडा वेळ देतात, मग मी जाऊन विचारते. माझ्याच घरचं माणूस असेल तर दुसऱ्या कुणी विचारायचं असतं. माझ्याबरोबर हेच काम करणाऱ्या, अक्कलकोटच्या श्रीदेवी सिस्टर तुमच्याकडे यायला निघाल्याही होत्या. त्यांना मी दारातच अडवलं. म्हटलं, माझी वहिनी खेड्यातली, तिला हे झेपायचं नाही, आमच्या घरून नकार लिहा. सख्खी बहीण सांगते आहे म्हटल्यावर त्यांनीही तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी दादाचं हृदय थांबलं आणि वेळ निघून गेली.

नऊ वर्षं मी परक्या बायकांपुढे बसून सांगत आले की ठरवायचा हक्क तुमचा आहे. तुमचा हक्क मात्र मी परस्पर वापरला. तुम्हाला जपतेय असं वाटलं होतं. खरं तर तुमचं रडणं मला बघवलं नसतं. दादा देऊन टाक म्हणाला होता, ती ओळ तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा काढून वाचते. मला हे काम नको असं साहेबांना सांगितलंय, साध्या वॉर्डात नर्स म्हणून परत जाईन.

लोभ मागायला तोंड उरलं नाही.
वैजयंती


केम
दि. २९ जून २०२५

वन्सं,
अंकीकडनं पत्र दोनदा वाचून घेतलं. आदी बरं वाटलं, ह्यांचं समदं धड होतं म्हणून. मग लई राग आला. अजून हाय.

तुमी इचारलं आसतं तर मी रडले आसते, तुमाला नको नको ते बोलले आसते, आन् मग व्हय म्हणले आसते. तेवढं रडून घ्यायचा येळ मला द्यायचा होता. ह्यांच्या किडनीवर कुटं तरी कुणी जगला आसता. त्याचं नाव मला ठावं न्हाय, पण त्याची बायको डोळ्यापुढनं हलत न्हाय.

काम सोडू नका. उद्या तितं माझ्यावानी एखादी बसलेली आसंल, डोईवर पदर घेऊन. तिच्याकडं बघून तुमचं तुमीच ठरवू नका. जवळ बसा आन् इचारा. न्हाय म्हणली तर म्हणू द्या.

पंचमीला माहेरी या. मी बोलंन का न्हाय, ते आत्ता सांगता येत न्हाय. पण या.

तुमची वहिनीच,
रंभा