मुक्काम न सांगितलेला बोजा

६ जानेवारी, सोमवार

पोहोचलो. पांढरकवड्याहून ऑटोने फाट्यापर्यंत आलो आणि पेटी घेऊन आत चालत गेलो. जागा माझ्या कल्पनेपेक्षा चांगली आहे. मला कामावर घेणाऱ्या प्रेरणाताईंच्या काकांची ही बंद पडलेली कापसाची जिनिंग. यंत्रं विकली, पण मोठी शेड ठेवली, कारण छताखालचे लोखंडी गर्डर मजबूत आहेत. पूर्वी त्यांना कापसाच्या गठाणी टांगत. आता माणसं टांगतात. हे वाक्य वाईट दिसतं, म्हणून नीट लिहितो.

माणसाला दोरीने बांधायची आणि अधांतरी टांगायची एक जपानी कला आहे. शिबारी म्हणतात. ज्याला बांधायचं तो सज्ञान असतो आणि स्वतःहून तयार झालेला असतो. कोणाला त्यात मन शांत झाल्यासारखं वाटतं, कोणी जोडपी आपल्या खासगी सुखासाठी शिकतात. ताई हे सगळं मोकळेपणाने सांगतात आणि मी जमिनीकडे बघतो. चुकीचं बांधलं तर हात कायमचा लुळा पडू शकतो, म्हणून ताई कार्यशाळा घेतात. नागपूर आणि हैदराबाद, दोन्हीकडचे लोक हायवेने येतात.

माझं काम दोऱ्यांचं. तागाची दोरी उकळायची, ताणून वाळवायची, ज्योतीवरून फिरवून सुटे तंतू जाळायचे, तेलाचा हात द्यायचा. शिकलो तर पुढे मदतनीस. ताईंनी मला घेतलं कारण मी भावसिंगचा मुलगा. बापू ट्रकवर माल बांधतात आणि त्यांनी बांधलेला माल आदिलाबादपर्यंत हलत नाही. घरी तांड्यावर बापूंना आणि याडीला मी फक्त दोरीचं काम मिळालं म्हणून सांगितलं.

चौकीदार देवीलालने विचारलं, काहून बे ओम, तू बांधणार का बांधून घेणार? दोन्ही शिकावं लागेल म्हटलं. तो म्हणाला, मले तर लग्नानंच बांधून ठेवलं, फीस बी नाही लागली. स्वयंपाकाच्या चंदाबाईंनी तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर केली होती. पोटभर जेवलो. खोलीला मोठी खिडकी आहे.

८ जानेवारी, बुधवार

ताईंनी नियम सांगितले. बांधलेल्या माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. बोथट टोकाची कात्री कायम हाताशी. दोरीखाली दोन बोटं गेली पाहिजेत. दंडावर बाहेरच्या बाजूने एक नस जाते, तिच्यावर वेढा आला तर मनगट लोंबतं, म्हणून सारखं विचारायचं, अंगठा हलव, मनगट वर कर. कोणी ‘लाल’ म्हटलं की सगळं थांबवून दोरी सोडायची, कारण विचारत बसायचं नाही. एकट्याने सराव करायचा असेल तर फक्त मांडीवर.

मला हे नियम आवडले. मी सगळ्या गोष्टींना घाबरतो, आणि इथे घाबरणं हाच अर्धा अभ्यास आहे. बारावीत इंग्रजीला राहिलो तेव्हापासून कोणी मला हुशार म्हटलं नव्हतं. ताई म्हणाल्या, तुझ्यासारखेच लोक यात चांगले होतात.

१२ जानेवारी, रविवार

पहिली कार्यशाळा झाली. नागपूरच्या सलोनी मॅडम आणि त्यांचे मिस्टर होते. मॅडमनी छातीचा बांध मला घालू दिला. वेढे छान बसले. पण शेवटी माझ्या हाताने आपोआप बापूंची ओढ घेतली. ट्रकवर शेवटच्या वेढ्याला एक उलटा पीळ देतात, म्हणजे प्रत्येक खड्ड्याला माल आणखी आवळत जातो. ताईंनी माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, अरे, माणूस आहे, सोयाबीनचं पोतं नाही. मॅडम हसत म्हणाल्या की घरी त्यांना पोतंच समजतात. मिस्टर चष्मा पुसत बसले.

पीळ सोडवून पुन्हा बांधलं. नंतर ताईंनी मॅडमना गादीच्या वर, गर्डरला टांगलं. मॅडम डोळे मिटून हळूहळू फिरत होत्या. खाली आल्यावर थोडं रडल्या आणि हलकं वाटतंय म्हणाल्या. मला ते फार सुंदर वाटलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ताई गावाला गेल्या होत्या. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी शेडमध्ये बसून मांडीवर सराव केला. मग छातीवर आणि डाव्या दंडावर वेढे घेऊन पाहिले. ते करायचं नव्हतं. शेवटी हाताने पुन्हा तोच पीळ दिला.

आम्हा बंजाऱ्यांत माल बांधून झाला की बोजावर थाप मारतात आणि तो जिथे सोडायचा त्या गावाचं नाव मोठ्याने घेतात. मुक्काम सांगणं म्हणतात. आजोबांच्या आजोबांपासून, बैलांवर माल लादून लदेणी चालायची तेव्हापासूनचं आहे. बापू आजही वणी, करंजी, आदिलाबाद असं ओरडल्याशिवाय ट्रक सोडत नाहीत. मीही सवयीने स्वतःच्या छातीवर थाप मारली. तोंड उघडलं आणि हसू आलं. स्वतःला काय मुक्काम सांगणार? काही न बोलता दोरी सोडली, गुंडाळून कपाटात ठेवली.

१५ जानेवारी, बुधवार

दुपारी जेवून पडलो होतो. उठलो तर छातीवर आणि दोन्ही दंडांवर दोरीचे वळ. तागाचा पीळ कातडीवर स्पष्ट उमटला होता. काल डावाच दंड बांधला होता, आणि तेव्हाचे वळ संध्याकाळपर्यंत गेले होते. हे ताजे आहेत. डावा अंगठा बधिर.

खोलीत दोरी नाही. दोनदा पाहिलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

दोरीचं तेल आणायला पांढरकवड्याला निघालो. ऑटो फाट्यावर वळला आणि छाती आवळल्यासारखी झाली. पहिल्या खड्ड्याला आणखी, दुसऱ्याला आणखी. बस स्टँड येईपर्यंत श्वास गळ्याशी आला. ऑटोवाला म्हणाला, घाबरून राह्यला का भाऊ, पाणी पी. शर्टात हात घातला. दोरी नव्हती. कातडीत खोल पन्हळी पडल्या होत्या आणि माझ्या बोटांखालीच आणखी खोल जात होत्या.

त्याला परत फिरवायला सांगितलं. फाटकाच्या आत पाय ठेवला आणि सगळं सैल झालं.

१८ जानेवारी, शनिवार

ताईंना सांगितलं. रागावल्या नाहीत. वळ पाहिले आणि शेवटच्या वेढ्याच्या जागी बोट ठेवून म्हणाल्या की हा पीळ इथे तुझ्याशिवाय कोणी देत नाही, ओम. मी एकटाच चोरून सराव करतो असं त्यांना वाटतं. कपाटाला कुलूप लावलं, किल्ली स्वतःकडे ठेवली आणि मी झोपलो की देवीलालने बसायचं ठरलं.

दुपारी देवीलाल बसला. मी उठलो तेव्हा तो दाराबाहेर उभा होता. आत यायला तयार नव्हता. ताईंना म्हणाला, ह्याचे हात आपोआप मागं गेले, जसे कोणी पाठीमागून धरून बांधून राह्यलं. पण मागं तर भिंत हाय.

ताईंनी कात्री आणली. बोथट टोक वळाखाली सरकवायचा प्रयत्न केला. कात्री कातडीवरून घसरली. कापायला काहीच नव्हतं. मी लाल म्हटलं. पुन्हा म्हटलं. ताई म्हणाल्या, मी काय सोडू, सांग.

१९ जानेवारी, रविवार

डावं मनगट लोंबतंय. उचललं तरी पडतं. ताईंनी कार्यशाळा रद्द केली. त्यांनी दाखवलं, वेढा दंडावर नेमका नसेवर येतो आणि पिळामुळे आवळत जातो. असंच चाललं तर हात जाईल.

वळ माझ्याच हातचे आहेत, तर हात सुधारला की वळही सुधारतील, असं मला वाटलं. ताईंकडून दोरी मागितली. पोत्यात सरकी भरून सराव केला. ताई शेजारी बसून होत्या. डावा हात नुसता टेकवायला, बाकी सगळं उजव्याने आणि दातांनी. वेढा नसेच्या खाली, दोन बोटांची जागा, पीळ नाही. चंदाबाई चहा ठेवून गेल्या. शेवटचा बांध ताईंना पूर्ण बरोबर वाटला.

२१ जानेवारी, मंगळवार

काल आणि आज वळ बरोबर जागी आले. पीळ नाही. अंगठा हलतो. मनगट थोडं उचललं जातं. सकाळी आनंदाने चंदाबाईंना हात हलवून दाखवला.

मग कळलं.

चुकीचा बांध लवकर सोडावा लागतो. बरोबर बांधलेला माणूस कितीही वेळ राहू शकतो. ताईंनीच सांगितलं होतं. मी शिकलो, आणि जे बांधतं तेही माझ्याबरोबर शिकलं. मीच शिकवलं.

दुपारी ताईंनी गाडीत घातलं, यवतमाळला मोठ्या दवाखान्यात न्यायला. फाटा ओलांडून हायवेला लागलो आणि पीळ नसतानाही बरगड्या आवळत गेल्या. ताईंनी गाडी वळवली. त्या रडत होत्या. मला बोलता येत नव्हतं. फाटकाशी श्वास आला.

बापूंना फोन केला. सगळं सांगितलं, जपानी काम आहे तेही. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी एकच विचारलं, थाप मारली तवा मुक्काम सांगितला का? नाही म्हटलं. मग म्हणाले, काहून नाही सांगितला रे? असा बोजा बैलही पुढं नेत नाही, जिथं बांधला तिथंच राहतो. मी आत्ता सांगू का विचारलं. म्हणाले, आता तुह्या तोंडून नाही होणार. बोजा कसा बोलन? ज्याच्या हाताखाली हा पीळ शिकला त्यानं बोजापुढं उभं राहून सांगितलं तर सुटते. बोजा डोळ्यापुढं पाहिजे. फोनवर नाही चालत. मी सकाळच्या एसटीनं येतो. याडीले काही सांगू नको.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळ. झोपलो नाही, तरी हात मागे गेले. जागेपणी. ताई, देवीलाल, दोघं धरून बसले होते, त्यांच्या हातांतून गेले. नंतर सुटले. फक्त कोपरापासून पुढे. आता वरचे दंड बांधलेले राहतात. पुढचे हात मोकळे, वही धरण्यापुरते.

ताई बापूंना आणायला एसटी स्टँडवर गेल्या. देवीलालला म्हणाल्या, ह्याला सोडून कुठंही जायचं नाही. आम्ही शेडमध्ये बसलोय, गादीवर. उजेड भरपूर. देवीलाल तंबाखू मळतोय. म्हणतो, तुह्या बापानं सोडवलं की आपण पार्टी करू, कोंबडा माह्याकडून.

ताईंच्या गाडीचा हॉर्न. फाटकाला आतून कडी आहे. देवीलाल म्हणाला, इथून इथं तं जातो, डोळा ठेवतो तुह्यावर. गेला. बापू आले. बापू आले म्हणजे आता

टाच उचलली गेली.

दोन्ही पाय. गादी खाली गेली —

टांगलोय. छातीखाली वेढे, मांड्यांना वेढे, वजन सगळीकडे सारखं. श्वास नीट. बोटं गरम. अंगठा हलतो. दुखत नाही कुठेच. मी स्वतः इतका चांगला बांध घातला नसता. वही हातात होती ती हातातच आहे.

आले तिघं. देवीलाल दारातच थांबला. म्हणतो, इथंच होता, आताच तं होता. ताई धावत खोलीत, संडासात, परत. मी हाका मारतो. लाल. लाल. माझा आवाज मला येतो. ताईंनी मान वर करून गर्डरकडे पाहिलं. माझ्या तोंडावरून नजर गेली. पलीकडे.

बापू गादीपाशी उभे आहेत. टोपी हातात. कुठं हाय बोजा, विचारतात. दाखवा मले. ताई काय दाखवतील.

बापू मी वर

पळून गेला असन, म्हणतात. भितो लहानपणापासून. स्टँडवर पाहतो. ताई म्हणतात, तो जाऊच शकत नाही. बापू म्हणतात, मंग बोजा कुठं हाय बाई, हवेले मुक्काम सांगू का? ताई दारापर्यंत गेल्या. बापू अजून खालीच आहेत. बरोबर माझ्या खाली. केस विरळ झालेत.

वही सोडली की त्यांच्यापुढे पडेल. हातातून सुटली की दिसेल बहुतेक. दोरीत नाही ती. पेन एकच, वही एकच. मग मला काही लिहिता येणार नाही. बापूंना वाचता येतं, हळू वाचतात. म्हणून मोठ्या अक्षरात.

बापू. मी तुमच्या डोक्यावर आहे. दिसत नसलो तरी बोजा आहे. वजन आहे मला. वर बघून तांड्याचं नाव घ्या, मोठ्याने, आदिलाबाद म्हणता तसं. घरचा मुक्काम सांगा. ताईंना विचारू नका. पाहिल्याशिवाय सांगत नाही म्हणू नका. मी

टोपी घातली. निघाले. बापू थांबा हे घ्या आधी नाव घ्या तांड्याचं ना