दोघांत एक माउंटन सायकल

आई,

काल तुझ्या नातीला घेऊन सायकलच्या दुकानात गेलो होतो. तू तिला पाहिलं नाहीस, तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ती झाली. आठवीत आहे. नाक तुझं आहे आणि हट्टही तुझाच. तिला माउंटन बाइक हवी आहे. दुकानातल्या मुलाने आधी बजेट विचारलं, मग पुढचा शॉक, मागचा शॉक, डिस्क ब्रेक असं काय काय सांगत सुटला, आणि मी नुसती मान डोलवत राहिलो. माझ्या डोळ्यांपुढे दुर्गचं ते जुनं दुकान होतं आणि त्यात तू, पदर खोचून, एका लाल सायकलीचा टायर अंगठ्याने दाबून बघणारी, भरताचं वांगं निवडावं तशी. पोरीने मला कोपर मारलं. "बाबा, ऐकताय ना?" नव्हतो ऐकत. काहीच न घेता परत आलो, आणि कालपासून ती फुगून बसली आहे. पण सायकल कशी निवडायची हे मला तुझ्याशिवाय कुणी शिकवलेलं नाही, आणि तुला तर तेव्हा सायकल चालवतासुद्धा येत नव्हती. म्हणून तुलाच लिहायला बसलो.

आपल्या भिलाईच्या स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये, पोरगा दहावी झाला की त्याला सायकल मिळायची, हा न लिहिलेला कायदा होता. मी पास झालो तेव्हा बाबा म्हणाले, बोनस येऊ दे, घेऊ. मला साधी काळी सायकल नको होती. पलीकडच्या मोठ्या क्वार्टरमधल्या एका मुलाकडे नवी तऱ्हा आली होती, सरळ हँडल, जाड टायर, गिअर बदलला की टक् असा आवाज. तो आवाज ऐकायला मी उगाच त्यांच्या फाटकावरून जायचो. आणि नेमकं त्याच वर्षी तुझी निवड झाली, उतईच्या अलीकडच्या गावात, बालवाडीची बाई म्हणून. लग्नाआधी भंडाऱ्याकडे मॅट्रिक होऊन बसलेली तू, इतकी वर्षं ते मॅट्रिक आमचा अभ्यास घेण्यात खर्च करत होतीस. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. नाही झालीस तर दुसरी बाई तयारच होती.

ती दुपार अजून दिसते. बाबा फर्स्ट शिफ्ट करून आलेत, पाटावर बसून जेवताहेत, तू तव्यासमोर आहेस.

"जाशील कशी?" बाबा विचारतात. "बस तं आपल्या मर्जीची हाय."

"सायकलनं जातो," तू म्हणतेस. पोळी उलटतेस, जणू मिठाबद्दल काही बोललीस.

"काय वं, चक्कीवरून पीठ आनायले तुले पोरगं लागते, अन् उतईले सायकलनं जातो म्हनते? अन् कोनाच्या सायकलनं?"

तू माझ्याकडे पाहिलंस फक्त. मला सगळं कळलं आणि न कळल्यासारखं करून मी वरण ओढून घेतलं. बोनसमध्ये सायकल एकच बसत होती. ती माझी पहिली सायकल व्हायची होती किंवा तुझी पहिली नोकरी. त्या रात्री मी तुझ्यावर मनापासून रागावलो होतो, आणि तू नेहमीसारखीच माझ्या पांघरुणाची टोकं खोचून गेलीस.

दसऱ्याला आपण नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलो आणि पुढच्याच रविवारी दुर्गला गेलो, तू आणि मी. बाबांची ड्युटी होती. शिवाय ते म्हणाले होते, "तुमी दोघं भांडून घ्या, मले जे येईन ते पसंत." दुकानदाराने तुझी साडी बघून आधी टोपलीवाली लेडीज सायकल काढली. मी सरळ सांगितलं, ही मी चालवणार नाही, पोरं जिणं हराम करतील. मग त्याने काळी जेंट्स काढली. तू तिच्या आडव्या दांडीवर हात ठेवलास, मग स्वतःच्या निऱ्यांकडे बघितलंस, आणि हात काढून घेतलास. गिअरवालीची किंमत ऐकून आपण दोघांनीही तिच्याकडे पाहणं सोडून दिलं. आता बाहेरच पडायचं अशा वेळी तुला ती दिसली. मागे, भिंतीला टेकून, धूळ खात उभी. लाल रंग, सरळ हँडल, हे जाड टायर, गिअर नाही, आणि दांडी पुढून मागे अशी खाली उतरत गेलेली की साडीतला पाय सहज पलीकडे जावा.

तू तुझ्या हिंदीत विचारलंस, "भैया, ये लेडीज है के जेंट्स?"

दुकानदाराने डोकं खाजवलं. सायकलीला एक चक्कर मारली. "भाभीजी," तो म्हणाला, "ये तो माउंटेन है."

तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. ही सायकल बाईची की बाप्याची हे आपल्या अख्ख्या सेक्टरात अजून कुणी ठरवलंच नव्हतं. गिअर नाही याचं मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू, पण कुणी हसणार नाही एवढं नक्की होतं. मग तुझं ते अंगठ्याने टायर दाबणं सुरू झालं. "भिलाईत पहाड कुठी हाय बापा, माउंटन कावून म्हनते याले?" असं पुटपुटत होतीस, आणि लगेच, "पन मुरमाच्या रस्त्याले टायर बरा हाय." इथवर ठीक होतं. पण मग तू तिला कॅरिअर लावायला सांगितलंस, मडगार्ड लावायला सांगितलंस, वर घंटी. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या माउंटन सायकलीची ड्युटीची सायकल होत होती. मी कुरकुरलो तेव्हा म्हणालीस, "मंग चिखल पाठीवर घेऊन शिकवू का लेकरायले?" दुकानदार हसला. शेवटी मलाही हसू आलं.

तुला शिकवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. क्वार्टरच्या मागच्या मैदानावर, ऊन कललं की. तू साडीचा काष्टा घालून, ओठ घट्ट मिटून. अर्ध्या मैदानात पोरांचं क्रिकेट चालायचं, म्हणून मी तुला कडेकडेने फिरवायचो, कायम डावीकडे वळत. शेजारच्या काकू फाटकावरून ओरडायच्या, "बने चलावत हस ओ बहिनी!" आणि तू तेवढ्यात पडायचीस, कारण शाबासकी ऐकली की तुझं लक्ष उडायचं. गुडघा फुटला तर हळद लावून वर साडी सोडायचीस, बाबांना दिसू नये म्हणून. शिकलीस मात्र. फक्त दिवाळी तोंडावर आली तेव्हा लक्षात आलं की तुला डावीकडे वळता येतं, उजवीकडे येत नाही. उजवीकडे हँडल नेलंस की आडवीच. आता नव्याने शिकवायला दिवस नव्हते. तर तू तोडगा काढलास. उजवं वळण आलं की उतरायचं, सायकल हाताने वळवायची, एखादा दगड किंवा कट्टा बघून पुन्हा बसायचं. बाबा सगळ्यांना सांगत सुटले, "आमची बाई उजवीकडं पायी वळते."

रुजू व्हायच्या दिवशी तू मला शाळा बुडवायला लावलीस. जन्मात पहिल्यांदा. सकाळची वेळ, जनरल शिफ्टच्या सायकलींचा लोंढा प्लांटकडे चाललेला, आणि आपण त्याच्या उलट दिशेने, मी चालवतोय, तू मागे कॅरिअरवर, मांडीवर डबा आणि पाटीखडू. सेक्टर मागे पडले, डांबर संपलं, लाल मुरूम लागला. दोन्ही अंगांना धान कापणं चाललं होतं.  माझा शर्ट तू मागून मुठीत धरला होतास. गावाच्या अलीकडे ओढ्यावर रपटा आहे, पावसात पाणी वरून जातं असा ठेंगणा पूल, तिथे मोहाचं झाड आहे. तिथे तू म्हणालीस, "थांब. उतर."

"अजून गाव आलं कुठं?"

"बाईले तिच्या पोरानं आनून सोडलं, असं नाही दिसाले पाहिजे. तू जाय आता घरी."

तू साडी सारखी केलीस, डबा हँडलला अडकवलास, रपट्याच्या कठड्यावर पाय देऊन बसलीस आणि निघालीस. आधी जरा हेलकावलीस, मग सरळ. मागे वळून बघितलं नाहीस, बघितलं असतंस तर पडली असतीस. लांबवर शाळेचं कौलारू छप्पर दिसत होतं, आणि रस्ता तिथे उजवीकडे वळत होता.  पण तू अगदी शांतपणे उतरलीस, सायकल हाताने वळवलीस, आणि तशीच हातात धरून चालत शाळेत गेलीस, जणू बाईंनी यायची हीच रीत. पोरं धावत आली आणि त्यांच्यातला एक घंटी वाजवत तुझ्याबरोबर आत गेला.

मग ती सायकल तुझीच झाली. मी रविवारी तेवढी फिरवायचो. नोकरी होती तोवर तू कधी बसने गेली नाहीस, आणि शेवटच्या आजारपणातही मी उशाशी बसलो की तुझं एकच, "तुही सायकल मीनं खाल्ली रे बाबू." मी हसून विषय बदलायचो. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. आई, तू रुजू झालीस त्या दिवसानंतर मला नाही वाटलं कधी तसं. त्या दिवसापर्यंत मी तुला फक्त आमच्यासाठी कुठे जाताना पाहिलं होतं, राशनला, डॉक्टरकडे, शाळेत मास्तरांना भेटायला. त्या मुरमाच्या रस्त्यावर तू पहिल्यांदा तुझ्यासाठी चालली होतीस, आणि तुझी ती ताठ पाठ मला इतकी आवडली होती की तिच्यापुढे सायकल काय होती. पण त्याबरोबर भीतीही वाटली. आता हिला आमची गरज उरणार नाही, अशी. मिसरूड फुटलेला पोरगा आणि तान्ह्यासारखं वाटत होतं.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी तू परत आलीस तेव्हा मी रपट्यापाशी उभा होतो. तुझ्या नाकावर खडूची भुकटी होती. "कावून आला रे? मी आली असती ना एकटी," म्हणालीस, आणि तरी तुझा चेहरा फुलला. मी म्हटलं, बसनं आलो, आत्ताच उतरलो. ते खरं नव्हतं. दिवसभर मी त्या मोहाखाली बसून होतो. दुपारी धान कापणाऱ्या एका बाईने तिच्यातली बासी, पाण्यात भिजवलेला रात्रीचा भात, मला वाढली आणि विचारलं, "काकर रद्दा देखत हस बाबू?" कुणाची वाट बघतोस म्हणून. मी म्हटलं, शाळेतल्या मॅडमची. तू मला घरी जा म्हणाली होतीस, आई. मी गेलोच नव्हतो.